नावापुढची दोन अक्षरं

दोन अक्षरं खोडायला पाथरवटाला किती वेळ लागतो? हात सरावाचा असेल आणि दगड फार आडमुठा नसेल, तर चुलीवरची डाळ शिजेपर्यंत काम उरकतं. कार्पोसनेही तेवढाच अंदाज केला होता. द्राक्षांची तोडणी संपत आली होती, सगळं गाव मळ्यात होतं, आणि हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून तो एकटाच गावाबाहेरच्या रस्त्याने निघाला होता. कुणी विचारलंच तर सांगायला त्याने कारणही तयार ठेवलं होतं. एका दगडाचा रंग उडालाय, तो भरायला चाललोय. पण विचारायला वाटेत कुणी भेटलंच नाही.

कार्पोस आयुष्यभर दारं कोरत आला होता. घरांची नव्हे, थडग्यांची. पुरुषभर उंचीची संगमरवराची शिळा, तिच्यावर दोन फळ्यांचं बंद दार, दाराला कडी, कुलपाचं भोक, आणि फळ्यांवर त्या घरातल्या माणसांच्या वस्तू. बाईचा आरसा, फणी, लोकरीची टोपली. पुरुषाचा चाबूक, नांगर, काय असेल ते. वर चौकटीवर नावं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशी दारं उभी होती आणि गावातली निम्मी त्याच्या हातची होती.

धोरणी माणसं दगड जिवंतपणीच करून घेत, म्हणजे सगळ्या घराची नावं एकदमच कोरली जात. मग जो अजून हयात असेल त्याच्या नावापुढे दोन अक्षरं येत: ‘आहे’. आई आहे. मुलगा आहे. सून आहे. त्या अक्षरांत लाल रंग भरलेला असे. माणूस गेला की पाथरवटाला बोलावणं यायचं आणि तो छिन्नीने तेवढी दोन अक्षरं काढून टाकायचा. नाव राहायचं, ‘आहे’ जायचं.

पण त्याआधी एक रीत होती. गेलेल्याच्या आईने, बायकोने, नाहीतर लेकीसुनेने, त्या दगडी दारावर ठोठावून त्याला तीनदा नावाने हाक मारायची. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तरच पाथरवटाने छिन्नी लावायची. आणि ओ आली तर? तर अक्षरं राहू द्यायची. अशी ओ कुणी कधी ऐकली नव्हती. प्रत्येक दाराच्या मागे वीतभर दगड असतो आणि दगडाच्या मागे काटेरी झुडपं असतात, हे कार्पोसइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी इतक्या वर्षांत त्याने रीत मोडली नव्हती. आज मोडणार होता.

दगड त्याच्या लेकीच्या सासरचा होता. जावई दिओगास खाणीतला संगमरवर बैलगाडीने समुद्राकडे न्यायचा. एकदा गेला तो दोन वर्षं परतला नाही. उन्हाळ्यात एक मीठ विकणारा येऊन सांगून गेला, की घाटात एक गाडी कलंडली आणि गाडीवान दगडाखाली सापडला. उंच होता, गालावर तीळ होता. दिओगासची आई बाबेइस हे ऐकून उठून उभी राहिली आणि म्हणाली, “तीळ आमच्या बैलालाही आहे. अंगठी आण, हाडं आण, मग बोल.” विषय संपला. ती दारावर हाक मारायला तयार नव्हती आणि सुनेलाही मारू देत नव्हती.

कार्पोसची अफिया सव्वीस वर्षांची. तिला ना कुणाची बायको म्हणता येत होतं, ना विधवा. शेजारच्या गावचा गिरणीवाला मेलितोन, साधा, पोटात पाप नसलेला माणूस, तिला मागणी घालायला तयार होता; पण ‘आहे’ असलेल्या माणसाच्या बायकोला कोण मागणी घालणार? बायको गेल्यावर कार्पोसने ही एकच पोर वाढवली होती. सासूच्या अंगणात ती लोकर पिंजत बसलेली दिसली की तो वाट बदलायचा. दोन अक्षरं गेली की गाव मान डोलावेल आणि बाबेइस चार दिवस तोंडसुख घेऊन गप्प बसेल, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

दारापुढे उभं राहिल्यावर सवयीने त्याचा हात कडीकडे गेला. “हाक कुणाला मारायची? दगडाला?” तो स्वतःशीच पुटपुटला. खरं म्हणजे त्याला लाज वाटत होती. लग्नात याच पोराच्या ताटात त्याने आग्रह करकरून मटण वाढलं होतं. त्याचं नाव न घेताच त्याने सगळ्यात बारीक छिन्नी काढली आणि लावली.

पहिल्या ठोक्याचा आवाज त्याला आवडला नाही. भरीव दगड टणकन वाजतो. हा घुमला, रिकाम्या रांजणावर टिचकी मारावी तसा. कार्पोस थांबला, दगडाला वळसा घालून मागे जाऊन पाहून आला. झुडपं होती, एक सरडा होता, ऊन होतं. दुसरा ठोका मात्र नीट वाजला. सूर्य डोक्यावर आला तेव्हा काम झालं होतं. गावाकडून शिंगाचा आवाज येत होता. चंद्रदेवाला नव्या द्राक्षरसाचा पहिला घडा चढवत होते. कार्पोस कपच्या पायाने झुडपात सारून घरी गेला.

दहाव्या दिवशी बाबेइसने त्याला बोलावून घेतलं. कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं.

“या, व्याहीबुवा,” ती अंगणात उभीच होती. “हात फार शिवशिवत होते का हो? की आमच्या घरावर उपकार करायचे होते?”

“विहीणबाई, पोरीचं वय बघा...”

“पोरीचं वय! आणि माझं नाही दिसलं? माझंही ‘आहे’ खोडून टाकायचं होतंत, त्याच फेरीत. परत यायचा त्रास वाचला असता.”

कार्पोसने मान खाली घातली. अफिया भिंतीशी बसून चातीवर सूत काढत होती. बाबेइसने पुढचा घाव घालायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

फाटकाबाहेर दिओगास उभा होता.

दुपारचं लख्ख ऊन होतं. भास व्हायला अंधार लागतो म्हणतात, तर तिथे सावलीही धड नव्हती. तोच तो, उंच, गालावर तीळ, केसांत संगमरवराची पांढरी भुकटी. फाटक उघडंच होतं, पण तो आत येत नव्हता. उंबऱ्याच्या पलीकडे उभा राहून त्यांच्याकडे बघत होता.

“अरे, बघतोस काय!” बाबेइस किंचाळली. “ये ना आत!”

तेव्हा तो आत आला.

मग काय विचारता. रडणं झालं, हसणं झालं, शेजारपाजार गोळा झाला, बाबेइसने कार्पोसला सगळ्यांदेखत पुन्हा एकदा धुवून काढलं आणि त्याने ते आनंदाने ऐकून घेतलं. जवाची भाकरी, कांदा, शेळीचं आंबट चीज, काकवीसारखा आटवलेला द्राक्षरस, घरात होतं नव्हतं ते पुढ्यात आलं. दिओगास घास तोंडात घालायचा, चावायचा, पण चव लागत नसल्यासारखा.

“घाटात गाडी कुणाची पडली मग?” कार्पोसने विचारलं.

“दुसऱ्या कुणाची असेल, बाबा. मी समुद्राजवळच होतो, कामावर काम मिळत गेलं. यंदा परतायचंच म्हणत होतो.” तो सावकाश बोलत होता. “दुपारी भाकरी खायला बसलो होतो. कपाळात काहीतरी लागलं... खडा उडून लागावा तसं. उठलो, तर वाटलं, घरी जावं. निघालो.”

“आणि बैल?”

“कुणास ठाऊक.”

“वाटेत कोण कोण भेटलं?”

दिओगासने जरा विचार केला. “कुणीच नाही. नऊ दिवस चाललो, कुणीच भेटलं नाही.”

त्या रस्त्यावर दिवसाला पन्नास गाड्या जातात. पण कार्पोसचं तिकडे लक्ष नव्हतं. दिओगासच्या डाव्या भुवईवर एक खोक होती. रक्त नव्हतं, खपली नव्हती. कडा कोरड्या आणि पांढऱ्या. तिची रुंदी कार्पोसला मोजावी लागली नाही. आपल्या बारीक छिन्नीचं पातं कुठला पाथरवट ओळखणार नाही? त्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि पुन्हा वर पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी बाबेइसने त्याला दगडापाशी पिटाळलं. खोडलेली अक्षरं पुन्हा कोरणं सोपं नसतं. आसपासचा दगड उतरवून घ्यावा लागतो, घासावा लागतो, मग त्या खोलगट जागेत नवं अक्षर. कार्पोसने तीन दिवस लावले आणि इतकं देखणं ‘आहे’ कोरलं की तसं त्याने कधी कोरलं नव्हतं. लाल रंगही चांगला भरला. त्या संध्याकाळी दिओगासने पहिल्यांदा आणखी भाकरी मागून घेतली. भुवईवरची खोक भरत आली. सासऱ्याच्या खांद्यावर त्याने हात ठेवला तेव्हा तो उबदार लागला, आणि मग कार्पोसच्या लक्षात आलं, की आदल्या चार दिवसांत तो हात तसा नव्हता.

पण चांगलं चाललं होतं, हे खरं. दिओगासने छप्पर शाकारलं, लाकडं फोडली. एकच खोड त्याला लागली होती. कुणी ‘ये’ म्हटल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नसे, अगदी स्वतःच्या घराचाही. बाबेइस हसून म्हणायची, “परदेशात जाऊन लाजाळू होऊन आलाय माझा लेक.” सून एकटी राहिली नाही आणि लेक परत आला, बाबेइसचा दिवस मजेत जात होता.

पहिला बर्फ पडला त्या सुमाराला कार्पोसला अफियाच्या केसांत पांढरी भुकटी दिसली.

“पीठ असेल, बाबा,” ती म्हणाली. “दळत होते.”

त्याने ती बोटावर घेऊन पाहिली. पिठाची आणि संगमरवराची भुकटी त्याला डोळे मिटूनही वेगवेगळी ओळखता आली असती. ती केस धुवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिचे हात गार पडायला लागले. मग ती जेवताना घास चावायची, पण चव लागत नसल्यासारखी. कार्पोसने वैदू आणला, त्याने गरम दूध पाजायला सांगितलं, बाबेइसने मध घालून ते पाजलं. काही उपयोग झाला नाही.

एका सकाळी तो आपल्या कामाच्या पडवीत घासकाम करत बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने मान वर केली, तर अफिया दारात उभी होती. डोक्यावर, खांद्यांवर बर्फ साचला होता. म्हणजे किती वेळ उभी होती कोण जाणे.

“अगं, उभी काय? हाक नाही का मारायची?”

ती नुसती बघत राहिली. तिला काय हवंय ते त्याला कळलं.

“ये,” तो म्हणाला. “आत ये, बाळ.”

तेव्हा ती आत आली.

ती घरी परतल्यावर कार्पोस धावत दगडापाशी गेला. चौकटीवर चार नावं होती. बाबेइसचा नवरा, तो कधीच गेलेला. बाबेइस आहे. दिओगास आहे. अफिया... तिच्या नावापुढची अक्षरं भरून आली होती. रंग पार उडालेला, आणि खोबण इतकी उथळ झालेली की नख जेमतेम अडकत होतं. दगड झिजतो, फुटतो. भरून येत नाही. कार्पोसने ती पुन्हा खोल केली. चौथ्या दिवशी येऊन पाहिलं, तर पहिल्यापेक्षाही उथळ.

तो काय करणार होता हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पण दोनच दिवसांनी एक गाडीवान त्याच्या पडवीशी थांबला. गावात शिरताना पहिलं घर कार्पोसचंच लागतं. थ्रेप्तोस त्याचं नाव. त्याने कमरेच्या पंच्यातून एक अंगठी काढली आणि गाडीतून फडक्यात गुंडाळलेलं एक लहानसं मडकं.

“दिओगासचं घर कुठलं? त्याच्या आईला कसं सांगू, तेच कळत नाहीये... आम्ही बरोबर होतो. काही आजार नाही, काही नाही. भाकरी-कांदा हातात होता, हसत होता. एकदम मागे पडला. भुवईवर एवढीशी खोक. खडा म्हणावा तर आसपास कुणी नाही. आम्ही त्याला तिथेच अग्नी दिला.”

“कधी?” कार्पोसने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

“दिवस पक्का ध्यानात आहे. तुमच्याकडे चंद्रदेवाला नवा रस चढवतात ना, तो दिवस. त्याच्याचविषयी सांगत होता. म्हणाला, आत्ता गावात शिंग फुंकत असतील.”

कार्पोसने त्याला खाऊपिऊ घातलं, अंगठी आणि मडकं ठेवून घेतलं आणि घरी मी सांगतो म्हणून त्याला वाटेला लावलं. मग त्याने बाबेइसला विहिरीवर एकटीला गाठलं आणि गाडीवानाने सांगितलेलं सगळं तिच्या कानावर घातलं. अंगठी हातात घेऊन तिने ती उलटसुलट पाहिली.

“तो घरात जेवतोय, व्याहीबुवा,” शेवटी ती म्हणाली. “माझ्या हातचं जेवतोय.”

“अफियाकडे बघा, विहीणबाई. दोघांना मिळून एकाचंच ‘आहे’ पुरवावं लागतंय... ती चाललीय.”

“तुमचं पोर, तुमचं पोर! माझं कोण?” तिचा आवाज चिरकला. “हाक न मारता छिन्नी लावलीत. चांगला हसत बसला होता माझा लेक. तुम्ही मारलंत त्याला.”

“हो,” कार्पोस म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. या उत्तराची तिला अपेक्षा नसावी. मग तिने घागर उचलली आणि ती चालू लागली. तोही मडकं पोटाशी धरून मागे गेला, कारण दुसरं कुठे जायचं ते त्याला सुचेना. फाटकापाशी बाबेइस थबकली. अंगणात, घराच्या दारासमोर, अफिया हातात लाकडांची मोळी घेऊन बर्फात उभी होती. दार उघडं होतं. आत चुलीजवळ दिओगास बसलेला दिसत होता. ती स्वतःच्या घराबाहेर कुणीतरी ‘ये’ म्हणायची वाट बघत होती.

बाबेइस कितीतरी वेळ ते बघत राहिली.

“ये गं आत,” ती म्हणाली. इतक्या मऊ आवाजात ती सुनेशी कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून कार्पोसच्या पडवीत आली. काळी शाल, हातात काठी. “चला. पण रीतीने करायचं. मी हाक मारीन, तीनदा. त्याने ओ दिली तर छिन्नी लावायची नाही. तुमच्या बायकोची शपथ घ्या.”

कार्पोसने शपथ घेतली. बर्फावर कोवळं ऊन पडलं होतं, वारा नव्हता, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती सगळी बंद दारं शांत उभी होती. बाबेइस आपल्या दगडापुढे उभी राहिली. तिने मूठ वळली आणि फळीवर तीनदा ठोठावलं.

“दिओगास!”

दूर कुठेतरी कुत्रं भुंकलं, आणि थांबलं.

तिने पुन्हा ठोठावलं. “दिओगास...”

काही नाही. कार्पोसला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. ओल्या दगडाचा वास येत होता. तिसऱ्यांदा तिने ठोठावलं नाही, नुसता तळवा दारावर टेकला, पोराच्या पाठीवर टेकतात तसा.

“दिओगास... राजा...”

“ओ, आई.”

आवाज दगडाच्या मागून आला नाही. आतून आला, अगदी जवळून, दाराला पलीकडून कुणी टेकून उभं असावं इतक्या जवळून. साधा आवाज. कामात असलेल्या मुलाने द्यावी तशी ओ.

“इथेच आहे,” तो म्हणाला.

कार्पोसच्या हातातली हातोडी बर्फात पडली. बाबेइस हलली नाही. तिची नजर वर चौकटीवर गेली होती. अफियाच्या नावापुढे आता नुसता ओरखडा उरला होता. बाबेइस ते बघत राहिली, हात दारावरच होता. आत कुणीतरी वाट बघत होतं.

“मी काही ऐकलं नाही,” ती म्हणाली.

मग ती कार्पोसकडे वळली. इतका पांढराफटक चेहरा त्याने दगडातही कोरला नव्हता. “तुम्ही ऐकलंत, व्याहीबुवा?”

कार्पोसला बायकोची शपथ आठवली. लेक आठवली, डोक्यावर बर्फ साचलेली.

“नाही,” तो म्हणाला.

“मग लावा छिन्नी.”

काम होईपर्यंत ती तळवा दारावर तसाच ठेवून उभी होती. या वेळी पहिला ठोकाही भरीव वाजला, आणि शेवटचाही. मडकं त्यांनी दगडाच्या पायथ्याशी पुरलं. दोघं घरी आली तेव्हा अफिया चुलीजवळ एकटीच बसली होती. तिचे केस काळेभोर होते आणि ती हमसून हमसून रडत होती. “गेले ते,” एवढंच ती म्हणाली. त्यांनी काही विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं?

यानंतरचं सगळं रीतीने झालं. वसंतात अफियाचं मेलितोनशी लग्न लागलं. बाबेइसनेच तिला आपला चांगला आरसा देऊन पाठवणी केली. लेकीसारखी केली म्हणायला हरकत नाही. चौथ्या हिवाळ्यात बाबेइस गेली. अफियाने जाऊन दारावर तीन हाका मारल्या. ओ आली नाही. कार्पोसने तिची दोन अक्षरं काढली, पण सारा वेळ नजर चौकटीवर ठेवली, खाली दाराकडे पाहिलं नाही. एरवीही तो त्या वाटेने जात नसे. खाणीवर जायला मळ्यातून लांबचा रस्ता होता, तो त्याला बरा वाटायचा.

तो थकल्यावर अफियाने त्याला गिरणीवर आणून ठेवलं. एके दिवशी दुपारी ती त्याच्या पायांना तेल चोळत बसली होती. बाहेर जातं घरघरत होतं. कार्पोस म्हणाला, “माझा दगड मी कोरून ठेवलाय. तुझं काम फक्त हाका मारायचं.”

“झाली का सुरुवात, बाबा? अजून दहा वर्षं माझ्या हातचं खाणार आहात.”

“ऐक. तीनदा मार. नीट, मोठ्याने.” त्याला धाप लागली. “आणि मी ओ दिली... तर ऐकलं म्हण. एवढं कर. ऐकलं म्हण.”

अफियाचा हात त्याच्या पायावर थांबला.

“तुम्ही ऐकली होतीत ना?” ती हळूच म्हणाली. “त्या दिवशी.”

तो छताकडे बघत राहिला.

“मला माहीत होतं, बाबा. ते माझ्या शेजारीच बसले होते. दोन वेळा त्यांनी नुसती मान वर केली. तिसऱ्यांदा ‘ओ, आई’ म्हणाले. मग म्हणाले, ‘इथेच आहे.’ आणि मान कलती करून बसले, तिकडून काय उत्तर येतं ते ऐकत.” तिने डोळे पुसले. “किती वेळ बसले होते हो. मग मला म्हणाले, तिला ऐकू गेलं नसेल. जवळ जाऊन सांगतो. आणि उठून गेले.”

तिने खूप वर्षांनी हे ओझं खाली ठेवलं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच त्याला सोसेना.

दुसऱ्या दिवशी त्याने मेलितोनकडून गाढव मागून घेतलं आणि तो एकटाच त्या दगडापाशी गेला. बरंच गवत माजलं होतं. त्याने ते हाताने बाजूला केलं आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दाराकडे नीट पाहिलं. चाबूक होता, फणी होती, लोकरीची टोपली होती, सगळं त्याच्या हातचं. फक्त दोन फळ्यांच्या मधे बोटभर फट होती. त्याने दार बंद कोरलं होतं. आजवर त्याने उघडं दार कधीच कोरलं नव्हतं. फटीच्या कडेवर बोट फिरवून त्याने पाहिलं. छिन्नीची एकही खूण नव्हती. कडा गुळगुळीत झाली होती, रोज आतून हात लागून लागून दाराची कड होते तशी.

कार्पोस वाकला आणि त्याने फटीला तोंड लावलं.

“ऐकलं होतं रे,” तो म्हणाला. “दोघांनीही ऐकलं होतं.”

मग तो तिथेच गवतात बसून राहिला. ऊन कलायला लागलं तेव्हा गाढवाने कान टवकारले आणि ते दोर ताणून मागे सरलं. कार्पोसने वर पाहिलं. फट आता दोन बोटं होती.